ये वं

१

गणपतराव फिरायला निघाले की अख्ख्या गल्लीला कळायचं. आधी फाटकाची कडी आपटायची, मग घसा खाकरला जायचा, मग "झालं काय वं तुहं?" अशी हाक सुटायची, आणि कौशल्याबाईंनी दाराला कुलूप घालेपर्यंत स्वारी कोपऱ्यावर गेलेली असायची. बायको मागून येतेच, हे त्यांनी वरातीच्या दिवसापासून धरून चाललेलं होतं. बाजार असो, कुणाचं लग्न असो की मयत, गणपतराव पुढे आणि बाई चार पावलं मागे. वळून पाहायची पद्धत नव्हती. मागे बांगड्या वाजत असल्या म्हणजे झालं.

तीच गत नावाची. बायकोचं नाव त्यांनी एकदाच घेतलं होतं, लग्नात घास भरवताना, तेही बायांनी कोंडीत धरलं म्हणून. त्यानंतर "वं"वर भागलं. पोरगा झाल्यावर फार तर "सौरवची माय". कौशल्या हे नाव रेशनकार्डावर आणि दवाखान्याच्या फायलीवर होतं, तोंडात नव्हतं. त्यांच्या बापानं तरी कुठं आईला नावानं हाक मारली होती? बाईंना त्याचं काही वाटत नसे. त्या यांना "जी" म्हणत, आणि एका वाक्यात दोनदा म्हणत.

दिवाळीच्या आधी रामदासपेठेतल्या एका दवाखान्यात बाईंचा डावा गुडघा बदलला. ऑपरेशन नीट झालं आणि मग ताप चढला. रक्ताची गाठ झाली होती म्हणे. सिमेंट-लोहा विकण्यात जन्म गेलेला हा धिप्पाड माणूस आयसीयूच्या काचेबाहेर वॉर्डबॉयला "दादा, दादा" करत उभा राहिला. बाई वाचल्या. घरी आणल्यावर गणपतरावांनी त्यांना रोज फिरवून आणायचं मनावर घेतलं. पोरगा पुण्यात, दुकान भाड्यानं दिलेलं, आता या घरात एकच काम उरलं होतं, हिला काही होऊ द्यायचं नाही. फक्त माया दाखवायची त्यांची रीत आरडाओरडा करण्याची होती.

ते राहत त्या नंदनवन वस्तीच्या मागं नाल्याच्या काठानं फिरायला आणि सायकलीला म्हणून पक्का ट्रॅक झाला होता. डावीकडे चालणाऱ्यांसाठी राखाडी ब्लॉक, उजवीकडे सायकलींसाठी लाल, मध्ये पिवळा पट्टा. फाटकातून शिरलं की थोड्या अंतरावर एक सिमेंटचा बाक, त्याच्या पुढे नाल्यावरचा जुना अरुंद पूल, मग बाभळींचं वळण, आणि वळणापलीकडे मोठ्या रस्त्याच्या फाटकापर्यंत सरळ पट्टी. सगळीकडे बेशरमाची झाडं आणि नाल्याचा वास. ब्लॉक कुठं उचललेले, कुठं खचलेले, म्हणून डोळे पायाखाली ठेवावे लागत.

इथं मात्र बाई त्यांच्या उजव्या हाताला चालायच्या, कारण डॉक्टरनं "काका, सोबत चाला" असं खडसावलं होतं. फक्त पुलावर पट्टा संपायचा आणि चालणारे-सायकलवाले एकाच बोळकांडीतून जायचे. मागून घंटी वाजली की बाई मागं राहायच्या, गणपतराव कठड्याला चिकटायचे, सायकल निघून जायची. मग ते मान न वळवता म्हणायचे, "ये वं." टप्, घस. टप्, घस. बाई पाय ओढत पुन्हा उजवीकडे यायच्या.

२

थंडी वाढली तशी बाईंचा पाय जास्त ठणकू लागला. एका सकाळी बाकाजवळ त्या काहीतरी म्हणाल्या. गणपतराव तेव्हा सौरवच्या फ्लॅटच्या दारांना कुठलं लाकूड लावायला पाहिजे होतं ते समजावून सांगत होते. ते "हं" म्हणाले आणि बोलत राहिले.

पुलावर घंटी वाजली. गणपतराव कठड्याला सरकले, लाकडाचं पुढचं वाक्य तोंडात धरून थांबले. सायकल गेलीच नाही. धुकं होतं, उजाडायचं होतं. परतला असेल कुणी, म्हणून त्यांनी "ये वं" म्हटलं आणि चालू लागले. उजवीकडे पावलं आली.

वळण ओलांडल्यावर त्यांच्या लक्षात आलं की पावलं सरळ पडताहेत. टप्, टप्, टप्. घस नाही. गणपतरावांचा ऊर भरून आला. एवढे दिवस धावून-पळून, ओरडून, मालिशवाल्या बाईला शिव्या घालून शेवटी पाय सुधारला होता. आनंद तोंडावर दाखवला तर बाई शेफारेल म्हणून ते एवढंच बोलले, "पाय सुधरून राहिला वाटते."

"हो," उजवीकडून आलं.

मग रोज तसंच होऊ लागलं. पुलावर घंटी वाजायची, सायकल काही जायची नाही, गणपतराव "ये वं" म्हणायचे आणि पलीकडे बाई ताठ पावलांनी चालायच्या. परत येताना पूल ओलांडला की बाकाच्या पुढे पुन्हा घस सुरू व्हायची. दमत असेल, असं गणपतरावांनी ठरवून टाकलं. माकडटोपी नाकापर्यंत ओढलेली, नजर ब्लॉकवर, त्यामुळं बाजूला पाहायचा प्रश्न नव्हता. बायको काय पाहायची वस्तू आहे? इतकी वर्षं घरात आहे.

आणि खरं सांगायचं तर पलीकडच्या पट्टीवरची बायको त्यांना आवडू लागली होती. घरात बाई प्रत्येक गोष्टीला फाटा फोडायच्या. "असं नव्हतं जी ते, तुम्हाले आठवत नाही जी." इथं मात्र त्या ऐकायच्या. "हो" म्हणायच्या. गोष्ट थांबली की "मंग?" म्हणायच्या. माणसाला सांगावंसं वाटावं असं ते "मंग?" होतं. गणपतरावांनी पोटातलं किती काय बाहेर काढलं. दुकानावर भावानं केलेली दगाबाजी सांगितली. सौरव फोनवर घाईत बोलतो ते लागतं, हेही सांगितलं. एक दिवस तर दवाखान्याच्या मागच्या जिन्यात बसून, तोंडात रुमाल कोंबून आपण रडलो होतो, हेसुद्धा सांगून टाकलं. कानाच्या पाळ्या तापल्या त्यांच्या.

"मंग?"

"मंग काय. वाचली ना तू."

मग उजवीकडून आवाज आला, "घरी कोन आहे?"

गणपतरावांना वाटलं, बाई थट्टा करताहेत. म्हातारपणी बायकोला थट्टा सुचली याचं त्यांना हसूच आलं. "कोन राहीन? तू अन् मी."

"दोघंच?"

"दोघंच."

"मंग बरं आहे," आवाज म्हणाला.

३

ट्रॅकच्या फाटकाबाहेर तर्री-पोह्याचा ठेला लागायचा. तिथं देवाजी भेटायचा. हा गणपतरावांच्या शाळेतला, सरकारी नोकरीतून निवृत्त झालेला, बायकोचं मनगट धरून चालणारा. हात नव्हे, मनगट, जसं रस्ता ओलांडताना लेकराचं धरावं. इंदुताई पुढे आणि देवाजी मागे. नंदनवनातली पोरं हसायची त्यांना. गणपतराव कशाला मागं राहतील?

"काहून गा देवाजी, वहिनी पळून जाऊन राहिल्या काय?"

देवाजी हसला नाही. पोह्याची प्लेट एका हातात, दुसऱ्या हातात मनगट, त्यामुळं त्याचे पोहे तसेच निवत होते. त्यानं आजूबाजूला पाहिलं आणि विचारलं, "पुलावर घंटी वाजली तं तू सरकतं काय?"

"सरकतो ना. मंग काय अंगावर घेऊ सायकल?"

"सायकल पाहिली काय कधी?"

गणपतरावांनी तर्रीचा तिखट रस्सा ओरपला. "धुक्यात काय दिसते गा घंटा?"

"नको सरकत जाऊ," देवाजी म्हणाला. "धक्का बसला तं बसू दे. अन् मले काही विचारू नको."

इंदुताई नाल्याकडे पाहत होत्या. त्यांच्या मनगटावर नवऱ्याच्या बोटांचे जुने वळ होते. देवाजीचं डोकं निवृत्तीनंतर फिरलं, असं गणपतरावांनी घरी जाताना मोठ्यानं जाहीर केलं. मागं चार पावलांवर कौशल्याबाई पाय ओढत येत होत्या.

४

दुपारी बाई चहा घेऊन आल्या. स्वयंपाकघर ते पलंग एवढं अंतर, पण त्यांना भिंतीला हात लावत यावं लागलं. टप्, घस. गणपतरावांचं डोकं तडकलं.

"घरात काहून नाटक करतं वं? तिकडं ट्रॅकवर तं घोड्यासारखी चालतं."

"कोन चालते जी घोड्यासारखी?"

"तू! पुलाच्या पलीकडं गेली का पाय एकदम ठणठणीत. अन् घरात आली का सुरू."

बाईंनी कप खाली ठेवला. "मी पुलाच्या पलीकडं कधी गेली जी? मी तं बाकावरच बसते. थंडी पडली तेव्हाच तुम्हाले म्हटलं, पाय ठणकते, तुम्ही या जाऊन. तुम्ही हं म्हटलं ना जी."

गणपतराव हसले. मोठ्यानं हसले, दुकानात गिऱ्हाइकानं भलताच भाव सांगितला की हसायचे तसे. "मंग मी 'ये वं' म्हणतो तेव्हा कोन येते?"

"मले वाटे, उगाच बोलावता. ऐकू यायचं मले बाकावर. मी म्हणो, बोलावू दे जी, आपला पाय आपल्याले ठाऊक." बाई जरा हसल्याही. मग नवऱ्याच्या तोंडाकडे पाहून त्यांचं हसू गेलं.

"अन् दवाखान्याच्या जिन्यात बसून रडलो, ते कोनाले सांगतलं मंग मी?"

बाई पलंगाच्या कडेला बसल्या. मग हळूच म्हणाल्या, "तुम्ही रडले जी?"

चहावर साय धरली. बाहेर भंगारवाल्याचा भोंगा आला आणि गेला. गणपतराव हिशेबी माणूस, त्यांनी एकेक शक्यता घेऊन तपासायला सुरुवात केली. दुसरी कुणी बाई असेल, वेडी असेल, एकटी फिरायला भीत असेल. पण आवाज? आवाज हिचाच होता. आपणच आपल्याशी बोलत असू, वयाचं काही असेल, साखर वाढली असेल. आणि हे सगळं एकीकडे रचत असताना दुसरीकडे त्यांना एक गोष्ट आठवत होती. त्या पट्टीवर इतक्या दिवसांत त्या बाईनं एकदाही "जी" म्हटलं नव्हतं.

"घरी कोण आहे" ते सांगितल्याची गोष्ट त्यांनी बाईंना सांगितली नाही.

"उद्या जाऊन पाहतोच कोन आहे ते," ते म्हणाले.

"नका जाऊ जी. कुठं ट्रॅकचं अडलं? छतावर फिरू."

"महानगरपालिकेच्या फरशीवरून मले कोन हाकलते पाहू दे."

"मंग मी बी येते जी."

"तू घरी बसायचं. दार लावून. चुपचाप." शेवटचा शब्द एवढ्या जोरात आला की वरच्या मजल्यावरची बाई खिडकीत डोकावली. गणपतराव घाबरले म्हणजे त्यांचा आवाज असा चढायचा, आणि बाईंना ते ठाऊक होतं.

५

सकाळी निघताना पुन्हा भांडण झालं, त्यात उशीर झाला. गणपतराव ट्रॅकवर पोहोचले तेव्हा धुकं विरलं होतं आणि पाठीमागून सूर्य चांगला वर आला होता. बाक रिकामा होता. त्यांना बरं वाटलं. उन्हात सगळं ओळखीचं दिसत होतं, नाल्यातल्या पिशव्या, बेशरमाची फुलं, ब्लॉकवर पडलेलं कुत्र्याचं.

पुलाच्या मधोमध ते पाय रोवून चालले. घंटी वाजली.

एकदा, साधी, बाजूला व्हा म्हणणारी. गणपतराव हलले नाहीत. मग दोनदा वाजली, जवळ. मग ती थांबेचना. ट्रिंग ट्रिंग ट्रिंग, कानाच्या मागं, पाठीवर, एखाद्या चिडलेल्या माणसानं दार उघडेपर्यंत बेल दाबून धरावी तशी. तिच्यात राग होता. आपल्या हक्काची वाट कुणीतरी अडवली आहे असा राग. गुडघ्याच्या मागच्या बाजूला काहीतरी गार टेकलं, आणि गणपतरावांच्या नकळत त्यांचं शरीर कठड्याला सरकलं. तेवढंच. घंटी लगेच थांबली.

काहीही पुढे गेलं नाही.

त्यांनी ओठ दाताखाली धरले. बोलवायचं नाही. काही झालं तरी ते दोन शब्द तोंडातून काढायचे नाहीत. ते चालू लागले, वळण ओलांडलं, सरळ पट्टीला लागले. मागं वळून पाहावं, एकदा पाहून टाकावं, असं मन म्हणत होतं, पण मान हलत नव्हती. चाळीस-बेचाळीस वर्षं जी वळली नाही ती आज का म्हणून वळेल?

न बोलावताच पावलं उजवीकडे आली. टप्, टप्, टप्.

सूर्य पाठीशी होता. गणपतरावांच्या सावलीशेजारी, राखाडी ब्लॉकवर, दुसरी सावली लांब पडली होती. डोक्यावर पदर, अंगावर शाल, अगदी घरची सावली. फक्त ती चालताना वरखाली होत नव्हती. आणि पदराच्या कडेला नाकाचा शेंडा स्पष्ट दिसत होता, कारण तिचं तोंड समोर नव्हतं. पाय समोरच्या दिशेनं पडत होते आणि नजर शेजारी, गणपतरावांकडे होती. पापणी लवायची नाही असं ठरवून पाहावं तसं, सारखं. रोज अशीच पाहत आली असेल, हे त्यांना त्या क्षणी समजलं.

"आज ते नाही आली?" आवाज म्हणाला.

"कोन?" गणपतरावांच्या तोंडून निघून गेलं.

"बाकावरची."

गणपतरावांनी चाल वाढवली. सावलीनंही वाढवली.

"घरी आहे," आवाजानं स्वतःच ठरवलं. "एकटीच आहे."

मोठ्या रस्त्याच्या फाटकापर्यंत गणपतराव कसे पळाले ते त्यांना नीट आठवलं नसतं. फाटकाबाहेर पडले, समोर आलेल्या ऑटोत बसले, "नंदनवन" एवढंच म्हणाले. ऑटोवाल्यानं वळून विचारलं, "काका, तब्येत ठीक आहे ना?" त्यांनी मान हलवली. सीटवर त्यांच्या उजवीकडे जागा रिकामी होती. ते पूर्ण रस्ता तिथं हात ठेवून बसले.

६

घराला कुलूप होतं.

वरच्या मजल्यावरची बाई सज्जातून म्हणाली, "तुम्ही गेल्याबरोबर निघाल्या ना त्या. पाय ओढत ओढत. म्हटलं, काकू, काकांनी बस म्हटलं ना घरी. तं म्हणाल्या, त्याइले एकटं नाही सोडत मी."

गणपतराव ट्रॅककडे धावले. माकडटोपी गळ्यात आली होती, छाती भात्यासारखी चालत होती. आपण मोठ्या रस्त्यानं घरी आलो आणि ती गल्लीनं ट्रॅकवर गेली, मध्ये चुकामूक झाली, बाकावर बसली असेल, दुसरं काय. बाकावर नुसती बसली असू दे. आयसीयूच्या काचेबाहेर त्यांनी जसं मागितलं होतं तसंच ते आता मागत होते, कुणाकडे ते ठाऊक नसताना.

बाकाजवळ देवाजी आणि इंदुताई उभे होते. गणपतरावांना घराकडच्या फाटकातून येताना पाहून देवाजीच्या चेहऱ्यावरचा रंगच उडाला.

"तू इकडून कसा गा?"

"सौरवची माय कुठं आहे?"

"तुह्याच मागं गेली ना आता," देवाजी म्हणाला, आणि त्याचा आवाज वाक्याच्या शेवटी खाली खाली गेला. "तू पुलावर होता. हेच स्वेटर, हीच टोपी. घंटी वाजली, तू कठड्याले सरकला अन् 'ये वं' म्हटलं. पाठमोरा होता तू."

"मी नव्हतो गा."

इंदुताईच बोलल्या, पहिल्यांदाच. "मी म्हटलं वहिनीले, नका जाऊ, तुमचा पाय दुखते. तं म्हणे, रोज बोलावते मले, अन् मी जात नाही. मी नाही गेली म्हणूनच ते दुसरी जाते त्याइच्या संगं. आज मीच जाते."

गणपतराव पुलावर आले. वळणाच्या अलीकडे, उन्हात, दोघं चालले होते. पुढे तपकिरी स्वेटर, हात मागं बांधलेले, मान ताठ. गणपतरावांनी स्वतःची पाठ कधी पाहिली नव्हती, पण ती कुणाची आहे हे त्यांना सांगावं लागलं नाही. चार पावलं मागं कौशल्याबाई, एका हातानं शाल सावरत, त्याला गाठायला धडपडत. टप्, घस. टप्, घस.

"वं," गणपतराव ओरडायला गेले आणि तो शब्द तिथंच गिळला. तोच शब्द तर त्याच्याकडेही होता.

मग त्यांनी नाव घेतलं. पहिल्यांदा ते नीट फुटलंच नाही, घशाला त्याची सवय नव्हती. दुसऱ्यांदा फुटलं. "कौशल्या!"

बाई थांबल्या. मान जराशी कलली, बाजारात कुणीतरी आपल्याच नावाच्या दुसऱ्या बाईला हाक मारली की थांबावं तशा. त्या आवाजात ते नाव त्यांनी लग्नाच्या ताटावर एकदाच ऐकलं होतं. आपल्याला इकडून कुणी नावानं बोलावेल, आणि तो नवरा असेल, हे त्यांच्या मनातही आलं नसावं. आपला नवरा तर समोर होता.

समोरचा वळला नाही. वैतागलेल्या, घाईच्या, गणपतरावांच्या रोजच्या आवाजात तो म्हणाला, "ये वं."

आणि कौशल्याबाई चालू लागल्या.

"कौशल्या, थांब वं! तो मी नाही! मी इकडं आहो!" गणपतराव धावले. आयुष्यात पहिल्यांदा ते बायकोच्या मागं धावत होते. पुलाच्या मधोमध आले आणि मागून घंटी वाजली.

एकदाच, साधी, बाजूला व्हा म्हणणारी. गणपतराव कठड्याला सरकले.

सरकले आणि मग कळलं, तोवर झालं होतं. त्यांनी मान वर केली. वळण रिकामं होतं. बाभळींच्या मागून पाय ओढल्याचा आवाज अजून येत होता, टप्, घस, टप्, घस, आणि मग तो मध्येच, पाऊल उचललेलं असताना, थांबला.

सकाळचं ऊन तसंच होतं. बाकाजवळ देवाजीनं इंदुताईंचं मनगट ओढलं, त्यांचं तोंड हातानं फाटकाकडे वळवलं आणि मागं न पाहता तो त्यांना घेऊन निघाला. गणपतराव कठड्याला धरून उभे होते. त्यांच्या उजवीकडे जागा रिकामी होती, रोज करून द्यायचे तेवढी.

टप्, घस. टप्, घस. पावलं आली आणि तिथं उभी राहिली. बांगड्या वाजल्या. शालीला घरच्या कपाटातल्या डांबरगोळ्यांचा वास होता. समोर ब्लॉकवर दोन सावल्या पडल्या, आणि उजवीकडच्या पदराच्या कडेला नाकाचा शेंडा दिसत होता.

"चला जी घरी," कौशल्याबाईंचा आवाज म्हणाला. "आपण दोघंच ना जी?"